फक्त ड्रमवाली बदला

गाणं संपायच्या आधीच त्याने हेडफोन काढले. 'द नर्स' चालू होतं, द व्हाइट स्ट्राइप्स या अमेरिकन रॉक बँडच्या 'गेट बिहाइंड मी सेटन' या अल्बममधलं दुसरं गाणं. मरिम्बा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचे मऊ ठोके, त्यावर जॅक व्हाइटचा दबका आवाज, आणि सगळं स्थिरस्थावर होतंय असं वाटत असतानाच मध्येच अंगावर कोसळणारे ड्रम. माझा हा मित्र स्वतः ड्रम वाजवतो आणि चांगला वाजवतो. लयीच्या बाबतीत त्याचं मत मी सहसा खाली पडू देत नाही. त्याने हेडफोन टेबलावर ठेवले, वायर नीट गुंडाळली आणि म्हणाला, "अगं, माणूस भारी आहे. फक्त ड्रमवाली बदला." मी हसले आणि विषय दुसरीकडे गेला. पण ते वाक्य पुढे बरेच दिवस टोचत राहिलं. मेग व्हाइटबद्दल, म्हणजे त्या ड्रमवालीबद्दल, हे मी काही पहिल्यांदा ऐकत नव्हते. ज्यांना हा बँड जिवापाड आवडतो त्यांच्याकडूनही ऐकलंय, ज्यांनी एकच गाणं ऐकलंय त्यांच्याकडूनही. या वेळी टोचलं ते त्यातलं गणित. बँडमध्ये माणसं दोन, जॅक आणि मेग. त्यातलं एक बदला म्हणजे अर्धा बँड बदला. आणि ही सूचना इतक्या सहज, जाता जाता, शर्टाचं बटण बदलायला सांगावं तशी.

हा बँड मी पहिल्यांदा ऐकला हॉस्टेलमध्ये, कॉम्प्युटरबरोबर फुकट मिळालेल्या दोन प्लॅस्टिकच्या स्पीकरवर. त्यातल्या एकाची जाळी आत दबलेली होती आणि आवाज वाढवला की तो टेबलावर सरकत सरकत कडेपर्यंत यायचा. त्या स्पीकरमधून कुठल्याच बँडचा बेस, म्हणजे बेस गिटारचा खालचा, जाड सूर, ऐकू यायचा नाही. मोठमोठे चौघा-पाचजणांचे बँड तिथे चिरक्या, पत्र्यासारख्या आवाजात वाजायचे. त्यामुळे व्हाइट स्ट्राइप्समध्ये बेस वाजवणारं कुणी नाहीच, हे मला कितीतरी दिवस कळलं नव्हतं. उलट त्या स्पीकरवर हे दोघं सगळ्यांना भारी पडायचे. स्पीकर जे गिळून टाकायचा ते त्यांच्याकडे मुळात नव्हतंच, त्यामुळे त्यांचं काही हरवतही नव्हतं. गिटारची खरखर, ड्रमचा धप्प आवाज आणि वर ताणलेला, फाटायला आलेला गळा, सगळं जसंच्या तसं पोचायचं. पुढे चांगले हेडफोन आले तेव्हा बाकीच्या बँडच्या गाण्यांना खाली जणू एक अख्खा मजला सापडला. यांची गाणी होती तेवढीच राहिली. आणि मग त्यांच्यातली रिकामी जागा पहिल्यांदा ऐकू आली. एकदा ती ऐकू आली की कान तिथे काहीतरी भरायला बघतो. इथे बेस हवा होता, इथे ड्रम जरा भरगच्च हवे होते, इथे मागे कुणीतरी दुसरा सूर धरायला हवा होता.

समीक्षकही बहुतेक हेच करत होते, फक्त आकडे देऊन.

2003 मध्ये त्यांचा 'एलिफंट' हा अल्बम आला तेव्हाची गंमत अशी, की परीक्षणासाठी पत्रकारांना त्याच्या प्रती पाठवल्या त्या तबकडीवर, सीडीवर नव्हे. गाणी आधीच फुटू नयेत हे कारण होतं, पण त्यामागे थोडा खट्याळपणाही असणार. ज्यांच्याकडे तबकडी वाजवायचं यंत्रच नव्हतं असे संगीत-समीक्षक तेव्हा थोडेथोडके नव्हते. अल्बम लंडनच्या टो रॅग स्टुडिओत, जुन्या यंत्रांवर, आठ ट्रॅकच्या टेपवर केलेला, आणि आतल्या मजकुरात ठणकावून सांगितलेलं की हे लिहिताना, रेकॉर्ड करताना कुठेही कॉम्प्युटर वापरलेला नाही. 'रोलिंग स्टोन' मासिकाने त्याला पाचपैकी पाच तारे दिले. 'पिचफोर्क' या संगीतविषयक संकेतस्थळाने दहापैकी 6.9. ते 6.9 मला आजही भारावून टाकतं. सात नाही. त्या राहिलेल्या एक दशांशात नक्की काय कमी पडलं असेल? एखादं गाणं? मेगचा एखादा ठोका? अल्बमला दशांशात गुण देणाऱ्या माणसाला मी एकदा तरी काम करताना पाहायला हवं होतं. आणि दुसरीकडे, ज्यांनी यातलं एकही परीक्षण वाचलं नाही त्यांनी आपला निकाल गळ्याने दिला. 2003 च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्या क्लब ब्रुज या फुटबॉल संघाचे पाठीराखे मिलानमध्ये 'एलिफंट'मधल्या 'सेव्हन नेशन आर्मी'ची धून गात स्टेडियममध्ये गेले, ती पुढे इटलीने उचलली आणि 2006 च्या विश्वचषकात ती सगळीकडे होती. जगभरच्या लोकांना तोंडपाठ झालेली ती धून ऐकणाऱ्याला बेस गिटारची वाटते. प्रत्यक्षात ती साध्या गिटारवर वाजवून पेडलने एक सप्तक खाली उतरवलेली आहे. म्हणजे रिकामी जागा त्यांनाही माहीत होती. कधी भरायची आणि कधी नाही, ते मात्र त्यांचं ते ठरवत होते.

मग 2005 चा जून. आधी 'ब्लू ऑर्किड' हे एकच गाणं बाहेर आलेलं होतं आणि त्यात गिटार इतकी जाड, इतकी चावरी होती की 'एलिफंट'वर जीव टाकणाऱ्यांनी निश्चिंत श्वास सोडला. 'गेट बिहाइंड मी सेटन' हातात आला आणि पहिल्या गाण्यानंतर गिटार जवळजवळ खोलीबाहेर निघून गेली. तेरा गाण्यांत विजेची गिटार ठळकपणे पुढे येते ती तीनच गाण्यांत. बाकी पियानो, मरिम्बा, मँडोलिन, घंटा. रेकॉर्डिंग झालं जॅकच्या डेट्रॉइटमधल्या घरात, जिन्याच्या पायथ्याशी. तो जिना मला ऐकू येतो असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण 'माय डोअरबेल'मध्ये ड्रमच्या प्रत्येक ठोक्यामागे जी हवा हलते ती स्टुडिओतल्या गादीदार भिंतींची नाही. तिथे लाकूड आहे, उंच छत आहे, आणि कुणीतरी दरवाजा उघडा ठेवलाय.

मतं लगेच दुभंगली. 'रोलिंग स्टोन'ने वर्षअखेरीच्या यादीत त्याला पहिल्या तिनात बसवलं, पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्तम ऑल्टरनेटिव्ह अल्बमचं ग्रॅमीही मिळालं. पण कौतुक करणाऱ्यांच्या लिखाणातसुद्धा एक 'तरीपण' होता. घाईत केलाय, अर्धवट सोडलाय, काही गाणी म्हणजे नुसते कच्चे आराखडे आहेत. ऐकणाऱ्यांमध्ये तर सरळ तक्रार होती, की गिटार कुठाय? यातली काही तक्रार मला मान्य आहे. 'पॅसिव्ह मॅनिप्युलेशन' हे मेगने गायलेलं गाणं अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपतं. ते गाणं आहे की गाण्याची आठवण, हे ठरवायच्या आत पुढचं सुरू होतं. 'व्हाइट मून' पियानोवर इतकं रेंगाळतं की मधेच माझं लक्ष खिडकीबाहेर जातं. पण बहुतेक परीक्षणं वाचताना जाणवतं, की लिहिणारा समोरचा अल्बम ऐकतच नाहीये. त्याच्या कानात अजून 'एलिफंट' वाजतोय आणि हा नवा अल्बम त्यावर ठेवून, कुठे बाहेर येतो, कुठे कमी पडतो, हे तो मोजतोय.

दुसरा एक वर्ग होता, तो मोजत नव्हता, हुंगत होता. जॅकचं एका सिनेनटीशी नाव जोडलं गेलं होतं, ते तुटलं होतं, आणि अल्बम येण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी त्याने ब्राझीलमध्ये मानाउसला, ॲमेझॉनच्या पाण्यावर, कॅरेन एल्सन या मॉडेलशी लग्न केलं होतं. मेग त्या लग्नात करवली. मेग, जी आधी त्याची बायको होती आणि जिला तो लोकांसमोर बहीण म्हणून मिरवत असे. एवढा मालमसाला हाती असल्यावर गाणी कोण ऐकतंय? प्रत्येक ओळ कुणाला तरी उद्देशून लिहिलेली चिठ्ठी ठरली. 'फॉरेव्हर फॉर हर'मधली 'ती' कोण, यावर लोकांनी जेवढा काथ्याकूट केला त्याचा दहावा हिस्सा तरी त्या गाण्यातल्या मरिम्बाबद्दल करायला हवा होता, असं मला वाटतं. ती मरिम्बा गाण्याच्या दुःखाला अजिबात दाद देत नाही. स्वच्छ, टुणटुणीत वाजत राहते. आणि त्यामुळेच ते गाणं मला सहन होत नाही, चांगल्या अर्थाने.

या सगळ्याच्या मधोमध 'टेक, टेक, टेक' आहे. एका बारमध्ये बसलेल्या माणसाला अचानक जुन्या हॉलिवूडची नटी रिटा हेवर्थ दिसते. त्याला फक्त तिची सही हवी असते. सही मिळाल्यावर त्याला वाटतं, बास, एवढंच हवं होतं. मग फोटो हवा होतो. मग आणखी काही. दर वेळी तो स्वतःला बजावतो की एवढंच, आणि दर वेळी ते एवढंच पुरत नाही. शेवटी तिला जरा एकटं राहायचं असतं, तर हा दुखावतो. तिने आपल्यावर अन्याय केला असं त्याला खरोखर वाटतं. गाणं त्या माणसाच्याच तोंडून येतं आणि कुठेही त्याची टर उडवत नाही. पियानो एकाच जागी हातोडी मारत राहतो आणि मागणी वाढत जाते. माझ्या मते अल्बममधलं सगळ्यात चांगलं गाणं हेच. गिटार कुठाय असं विचारणाऱ्या प्रत्येकाला हे गाणं त्याच तबकडीवर ऐकू गेलं असणार. आपल्याबद्दल आहे असं किती जणांना वाटलं असेल, कोण जाणे. मला वाटलं ते फार उशिरा, आणि तेव्हा मी हॉस्टेलमधली नव्हते, चांगले हेडफोन घालून बेस शोधणारी होते.

पण ड्रमवाली.

ही तक्रार गिटारच्या तक्रारीपेक्षा चिवट आहे. बँड 2011 मध्ये अधिकृतपणे संपला, मेगने त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांसमोर यायचं सोडलेलं, आणि तरी 2023 च्या मार्चमध्ये कुणा एका पत्रकाराने जाता जाता लिहून टाकलं की साधारण बरा ड्रमर मिळाला असता तर हा बँड कुठच्या कुठे गेला असता. मग मोठा गदारोळ झाला. क्वेस्टलव्हसारखा, ड्रम वाजवण्यात हयात घालवलेला माणूस तिच्या बाजूने उभा राहिला. जॅकने कविता लिहिली. पत्रकाराने माफी मागितली. मेग काहीच बोलली नाही. मी ते सगळं वाचत होते आणि मला बाजू घेणाऱ्यांचाही थोडा राग येत होता. कारण तिच्या बाजूने बोलणारे जवळजवळ सगळे एकच शब्द वापरत होते, निरागस. लहान मुलासारखं वाजवते. जॅकनेही मुलाखतींमधून तिचं कौतुक हेच म्हणून केलंय. म्हणजे एका बाजूला तिला येत नाही, आणि दुसऱ्या बाजूला तिला येत नाही हेच किती छान. तिने काही ठरवून केलं असेल, ही शक्यता दोन्हीकडे गैरहजर.

जॅक व्हाइट स्वतः ड्रमर होता. डेट्रॉइटच्या गूबर अँड द पीज या बँडमध्ये तो ड्रम वाजवायचा, व्हाइट स्ट्राइप्सच्या आधी. ड्रम कसे भरायचे, कुठे सफाई दाखवायची हे त्याला कळत नव्हतं असं कुणी म्हणू शकत नाही. 1997 मध्ये मेग सहज म्हणून त्याच्या ड्रमवर बसली आणि त्याला ते ऐकून बँड काढावासा वाटला. आणि डेट्रॉइटच्या कानाला ते फारसं परकंही नव्हतं. त्याच शहरात ऐंशीच्या दशकात द गोरीज नावाचे तिघं होऊन गेले. दोन गिटार, बेस नाही, आणि पेगी ओ'नील झांजांच्या वाटेला न जाता नुसते टॉम, म्हणजे साधे पोकळ ड्रम, बडवायची. त्याहून मागे गेलं तर जुना ब्लूज गायक सन हाउस. जॅकने एका माहितीपटात त्याचं 'ग्रिनिन इन युअर फेस' लावून दाखवलंय, आपलं सगळ्यात आवडतं गाणं म्हणून. त्यात आहे काय, तर एक माणूस गातो आणि टाळ्या वाजवतो. टाळ्या बरोबर जागेवरही पडत नाहीत. ज्याला ते गाणं सर्वस्व वाटतं, तो मेगला नाइलाज म्हणून सांभाळून घेत होता, हे मला पटत नाही.

माझ्या मित्राला हे सगळं सांगून काही उपयोग नाही, आणि तो चुकतोय असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्याने मनगटं झिजवली आहेत. पायाचा आणि हाताचा हिशेब वेगळा ठेवायला तो वर्षानुवर्षं शिकलाय. त्याच्यासमोर कुणी 'धप्प, धप्प' एवढंच वाजवून जगभर फिरतं आणि लोक त्याला थोर म्हणतात, तर त्याला कुठेतरी लागणारच. कौशल्याला किंमत नाही असं मला मुळीच म्हणायचं नाही. आणि मेगच्या वादनाने मला कधी कंटाळा आणलाच नाही असंही नाही. काही जुन्या गाण्यांत ती नुसती वेळ मोजतेय असं वाटतं. पण ठेका ऐकायची सवय लागलेल्या माझ्या कानाला तिच्यातली एक गोष्ट हळूहळू दिसायला लागली. ती ठोका देण्याआधी थांबते. किंचित. जॅक धावत असतो, शब्द एकमेकांवर चढत असतात, आणि ती आपल्या वेळेलाच हात खाली आणते. मग त्याला परत यावं लागतं. 'माय डोअरबेल'मध्ये पियानो तिच्या ठोक्याला लोंबकळतो, उलट नाही. आणि 'द नर्स'मध्ये, माझ्या मित्राने हेडफोन काढले त्याच गाण्यात, ती जिथे कोसळते त्या जागा मी कितीही वेळा ऐकलं तरी मला आधी सांगता येत नाहीत. ज्या बाईला सरळ ठेक्यापलीकडे काही येत नाही असं म्हणतात, तिच्यावर हा आरोप तरी कसा बसवायचा?

शिवाय 'फक्त ड्रमवाली बदला' हा प्रयोग होऊन गेलाय. 2006 मध्येच, म्हणजे या अल्बमनंतर वर्षभरात, जॅकच्या द रॅकॉन्टर्स या दुसऱ्या बँडचा पहिला अल्बम आला. चौघंजण. पॅट्रिक कीलर ड्रमवर, जॅक लॉरेन्स बेसवर, दोघंही तयारीचे. बरोबर गाणारा, बरोबर लिहिणारा ब्रेंडन बेन्सन. सगळ्या रिकाम्या जागा भरलेल्या, सगळ्या सूचना अमलात आणलेल्या. मला तो बँड आवडतो. स्वयंपाक करताना, लांबच्या प्रवासात, लोक घरी आलेले असताना लावते. कुणी हेडफोन काढत नाही, कुणी काही बदलायला सांगत नाही. त्यावर माझं कुणाशी कधी भांडणही झालेलं नाही. ड्रम आहेत, छान आहेत, मी त्यांच्याबद्दल कधी विचारच केलेला नाही. हे कौतुक की तक्रार, ते मित्राला विचारायला हवं. तो म्हणेल, चांगल्या ड्रमरचं लक्षणच ते. आणि या बाबतीत त्याच्याशी वाद घालायची माझी तयारी नाही.

'गेट बिहाइंड मी सेटन' मी अजूनही सलग ऐकते, पहिल्यापासून तेराव्यापर्यंत. 'लिटल घोस्ट'मध्ये कुणालाच न दिसणाऱ्या भुताच्या प्रेमात पडलेला जॅक मँडोलिनवर बागडतो, ते वेड्यासारखं छान आहे. 'रेड रेन'मध्ये घंटेपाठोपाठ गिटार किंचाळते तेव्हा दचकते. 'पॅसिव्ह मॅनिप्युलेशन' सुरू व्हायच्या आत संपतं आणि मी दर वेळी जराशी चिडते. पुढे ढकलते ते एकच गाणं, 'इन्स्टिंक्ट ब्लूज'. त्यात विजेची गिटार भरपूर आहे, जाडजूड, खास जॅकच्या हातची. ड्रम जागच्या जागी. ज्यांना या अल्बममध्ये 'एलिफंट' हवा होता त्यांनी मागितलेलं सगळं त्यात आहे, आणि दुसऱ्या मिनिटाला माझा अंगठा आपोआप पुढच्या बटणावर जातो.